उजवा आधी, डावा नंतर

ताईंनी लिहिलेला प्रोग्रॅम एकोणीस वर्षांचा झाला तरी मरायला तयार नव्हता, आणि त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसला ही गोष्ट फार लागली होती.

तो चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका लॅबमध्ये चालायचा. शहरभरच्या चष्म्याच्या दुकानांतून ऑर्डरींच्या फायली यायच्या. तो त्या वाचायचा, घासायच्या मशीनला नंबर कळवायचा, सोबत एक चिठ्ठी छापायचा आणि पुढची फाइल उघडायचा. करड्या खिडक्या, करडी बटणं, कोपऱ्यात एक घड्याळ. मोबाइलवर चालत नव्हता, इंटरनेटवर राहत नव्हता. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर बसून मुकाट्यानं काम करायचा. आजच्या जगात यापेक्षा मोठा दुर्गुण शोधून सापडायचा नाही.

ताईंचंही साधारण तेच होतं. वय अठ्ठेचाळीस, टेबल प्रिंटर आणि आग विझवायचं नळकांडं यांच्या मध्ये. तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणायचे, पाठीमागे ‘पुराणवस्तू’. खिडकीजवळच्या जागा मोबाइलवाल्यांना होत्या. त्यांचं चार जणांचं पथक ताईंच्या प्रोग्रॅमची जागा घेणारं नवं अॅप दीड वर्षापासून बनवत होतं. अॅपचं बोधचिन्ह तयार होतं, अॅपचे टी-शर्ट तयार होते. अॅप तेवढं व्हायचं होतं.

या सगळ्याच्या वर व्हिजनसाहेब होते. हे नाव त्यांना ऑफिसनं दिलेलं, कारण ‘आपलं व्हिजन काय आहे’ हे विचारल्याशिवाय ते कुणाला रजाही देत नसत. चष्म्याच्या धंद्यात राहून या शब्दात काही गंमत आहे हे त्यांच्या कधीच लक्षात आलं नाही.

गडबड सुरू झाली ती दुकानांची एक नवी साखळी लॅबला ऑर्डरी पाठवायला लागल्यावर. दोन महिन्यांत नऊ तक्रारी आल्या. नऊही एकाच तऱ्हेच्या: उजव्या डोळ्याचं भिंग डावीकडे बसलेलं, डाव्याचं उजवीकडे.

व्हिजनसाहेबांनी मीटिंग बोलावली. आठ माणसं दीड तास बसली. ताईंनी सांगितलं, “मी त्या नऊही फायली उघडून बघितल्या. फायलींत चूक नाही. उजव्याच्या नावापुढे उजव्याचा नंबर आहे, डाव्याच्या नावापुढे डाव्याचा. प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्याही चालवल्या. दोनशे बारा. एकही नापास नाही.”

“म्हणजे फाइल बरोबर, प्रोग्रॅम बरोबर,” व्हिजनसाहेब म्हणाले. “मग उरलं काय?”

“माणूस,” साहेबांनी स्वतःच उत्तर दिलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

माणूस कोण हे ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. लॅबमध्ये भिंगं घासायला एक काका होते. एकतीस वर्षं तेच काम. भिंग उजेडात तिरकं धरून नंबर सांगायचे, आणि मशीनवर तपासला तर पाव नंबराच्या आत निघायचा. पण वय एकसष्ट, कानाला यंत्र, आणि मीटिंगला हजर नाहीत. दोषी ठरायला याहून अधिक पात्रता लागत नाही. काका ट्रेमधली भिंगं अदलाबदल करत असणार असा निष्कर्ष निघाला. लॅबला पत्र गेलं: उजव्या ट्रेला लाल टिकली लावा, डाव्याला हिरवी. आणि लॅबच्या मालकानं, पत्राचा मान राखायचा म्हणून, काकांना मशीनवरून उठवून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं.

ताईंना हे पटलं नव्हतं. पण दोनशे बारा चाचण्यांचा भरवसा त्यांनीच दिला होता, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. त्या काकांना ओळखत होत्या. प्रोग्रॅम पहिल्यांदा लॅबमध्ये बसवला तेव्हा काकांनीच त्यांना शेजारी स्टूल देऊन, कुठला नंबर कुठे लागतो ते एकेक करून समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना फोन केला.

“काका, वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कसलं,” काका म्हणाले. “खोके चिकटवायचं काम आहे. चिकटपट्टीला डावं-उजवं नसतं.” मग म्हणाले, “ताई, मी चिठ्ठीवर जे असतं तेच घासतो. चिठ्ठी तुमचा प्रोग्रॅम छापतो. बघा एकदा.”

ताईंनी त्या नऊ ऑर्डरींच्या चिठ्ठ्या मागवल्या. पण चिठ्ठ्या दुकानात चष्म्याबरोबर जातात आणि दुकानात चष्मा देऊन झाला की कचऱ्यात. एकही हाती लागली नाही. लॅबमध्ये आणि दुकानात दोन्हीकडे भिंग चिठ्ठीशी ताडून बघतात. तिथे काही अडलं नव्हतं. म्हणजे चिठ्ठीही बरोबर असणार, असं ताईंनी मनाशी धरलं. चिठ्ठी आणि भिंग दोन्ही एकाच प्रोग्रॅमच्या पोटातून निघतात, तेव्हा दोघांचं पटायचंच, हे त्या क्षणी हुशार बाईच्या डोक्यात आलं नाही.

घरी वेगळीच कटकट चालू होती. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी झालं होतं. त्या डोळ्याला आता नंबर जवळजवळ नव्हता. डावा अजून रांगेत होता, उणे पाच. नवा चष्मा आला आणि पहिल्या दिवसापासून सासूबाईंनी धोशा लावला: हा चष्मा माझा नाही.

“सवय व्हायला वेळ लागतो,” दुकानदार म्हणाला.

“मेंदूला जुळवून घ्यावं लागतं,” डोळ्यांचे डॉक्टर फोनवर म्हणाले.

“आई, तुझं वय झालं,” ताईंचा नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि दिशांच्या बाबतीत स्वतःला अधिकारी समजायचा.

“वय माझं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “चष्मा गेल्या महिन्यातला आहे.”

ताईंनीही, खोटं कशाला बोलायचं, “आठवडाभर लावून बघा” एवढंच म्हटलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून आलेल्या माणसाला घरची तक्रार ऐकायला कान उरत नाहीत.

मग एका रविवारी सकाळी ताई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा नाकावर उलटा: काड्यांची वाकडी टोकं वर, भिंगांची वरची कड खाली, आणि तो घसरू नये म्हणून दोन बोटांनी कपाळाशी दाबून धरलेला. त्या शांतपणे समोरच्या इमारतीकडे बघत होत्या.

डोळ्याबरोबर डोकंही गेलं की काय असं ताईंना वाटलं. त्यांनी हळूच नवऱ्याला बोलावलं. नवऱ्यानं दारातून बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “परवापासून हे चाललंय. मला वाटलं आपोआप थांबेल.”

ताई खुर्चीजवळ गेल्या. “आई, चष्मा उलटा लावलाय तुम्ही.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय. असा लावला की दिसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं आज नवऱ्याचा निळा शर्ट वाळत घातलाय, खिशात पेन तसंच आहे. सरळ लावला की बाईच दिसत नाही, शर्ट कुठला.”

ताईंनी समोर बघितलं. निळा शर्ट होता. खिशाशी शाईचा डाग पसरत होता.

ताई ओला टॉवेल हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चष्मा उलटा केला की उजवं भिंग डावीकडे जातं आणि डावं उजवीकडे. नवरा, डॉक्टर, दुकानदार आणि मीटिंगमधली आठ माणसं यांना मिळून जे सापडलं नव्हतं, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं दोन बोटांनी दुरुस्त करून घेतलं होतं. आणि घर तिला डॉक्टरकडे न्यायच्या बेतात होतं, डोळ्यांच्या नव्हे.

“आई, चष्मा कुठल्या दुकानातून आला हो?”

सासूबाईंनी नाव सांगितलं. नवी साखळी.

सोमवारी ताई सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचल्या. सासूबाईंच्या ऑर्डरची फाइल काढली. ही फाइल एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं लिहिलेली असते. म्हणजे माहितीची एकेक पिशवी करायची आणि प्रत्येक पिशवीवर नाव लिहायचं: हा माणूस, ही फ्रेम, हे उजव्या डोळ्याचं भिंग, हे डाव्या डोळ्याचं. पिशवीवर नाव असतं म्हणूनच ही पद्धत चांगली. कुठली आधी आणि कुठली नंतर, याची काळजी करावी लागत नाही.

फाइल या वेळीही बरोबर होती. उजवा जवळजवळ शून्य, डावा उणे पाच. ताईंनी तीच फाइल प्रोग्रॅमला दिली आणि मशीनला पाठवायच्या आधी त्याला मध्येच थांबवून त्याच्या हातात काय आहे ते बघितलं. उजवा उणे पाच. डावा शून्य.

त्यांनी कोड उघडला. फायलीतली भिंगं वाचायची जागा एकोणीस वर्षांत कुणी उघडली नव्हती, कारण ती कधी बिघडली नव्हती. तिथे चार ओळी होत्या. फायलीत भिंग नावाच्या जेवढ्या पिशव्या आहेत तेवढ्या गोळा करा. पहिली मिळेल ती उजवी, दुसरी मिळेल ती डावी. पिशवीवरचं नाव वाचायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते.

डोळ्यांच्या धंद्यात सगळे उजवा आधी लिहितात, डावा नंतर. डॉक्टरही, दुकानदारही. म्हणून एकोणीस वर्षं हे चाललं. नव्या साखळीच्या कॉम्प्युटरला मात्र शिस्तीची आवड होती. तो पिशव्या इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावायचा, आणि त्या क्रमात डाव्याचं ‘एल’ उजव्याच्या ‘आर’च्या आधी येतं. ताईंनी नऊ फायली पुन्हा काढल्या. नऊंतही डावा आधी. पहिल्या खेपेला त्यांनीच त्या वाचल्या होत्या, पण माणसासारख्या वाचल्या होत्या: नाव बघायचं, पुढचा नंबर बघायचा. कुठली आधी आहे इकडे लक्षच गेलं नाही. आणि दोनशे बारा चाचण्यांतली प्रत्येक फाइल ताईंनीच हातानं बनवलेली, प्रत्येकीत उजवा आधी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानंच उत्तरं लिहिली की नापास कोण होणार.

ज्यानं हे लिहिलं त्या शहाण्याचा त्यांनी मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला. मग वरची टीप वाचली. ‘तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे.’ शेजारी तारीख आणि आद्याक्षरं. आद्याक्षरं त्यांचीच होती.

तारखेवरून दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी लॅबच्या मालकाला प्रोग्रॅम दाखवायचा होता, घरी चार वर्षांची मुलगी गोवर अंगावर घेऊन पडली होती, आणि पुढचा आठवडा नावाची एक जागा असते जिथे माणसाला वेळच वेळ असतो, असा त्या काळी त्यांचा समज होता. पण हे सगळं आठवूनही काकांचा विचार डोक्यातून जाईना. खोके चिकटवणारे काका.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. पिशवीवरचं नाव वाचा, मग ठरवा. आणि नाव नसेल तर अंदाज न बांधता थांबा आणि माणसाला विचारा. डावा आधी असलेल्या फायली देऊन नव्या चाचण्या लिहिल्या. सासूबाईंची फाइल पुन्हा चालवली. उजवा शून्य, डावा उणे पाच.

मग त्यांनी नव्या साखळीच्या सगळ्या ऑर्डरी काढल्या. तीनशे चाळीस. सगळ्याच उलट्या घासलेल्या. मग तक्रारी नऊच कशा? कारण बहुतेकांचे दोन्ही डोळे जवळजवळ सारख्याच नंबराचे असतात. भिंगं बदलली काय आणि न बदलली काय. फरक पडेल असे एकसष्ट निघाले. त्यातले नऊ भांडले होते, एकीनं चष्मा उलटा केला होता, आणि उरलेले एक्कावन्न लोक दुकानदारावर विश्वास ठेवून सवय करून घेत होते.

ताई व्हिजनसाहेबांच्या खोलीत गेल्या आणि जे होतं ते सांगितलं. चूक माझी, एकोणीस वर्षांपूर्वीची, आता दुरुस्त केली, आणि ही एकसष्ट जणांची यादी.

साहेबांनी यादीकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं. “तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला,” ते म्हणाले. “आता दुरुस्ती झालीये ना? मग पुढे बघू या. ज्यांची तक्रार नाही त्यांना कशाला उगाच जागं करायचं?”

“त्यांची तक्रार नाही, कारण तक्रार करायची असते हे त्यांना माहीत नाही.”

“ताई, ते समाधानी ग्राहक आहेत.”

“साहेब, ते जिन्यावरून पडतील.”

“तुम्ही फार भावनेत जाता.”

“बरं,” ताई म्हणाल्या. “मग भावना बाजूला ठेवून लिहून द्या. एकसष्ट लोकांचे चष्मे चुकीचे आहेत हे कळलं असूनही त्यांना सांगायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. दोनच ओळी. मी फायलीला लावून ठेवते.”

लिहून द्यायची वेळ आली की साहेबांचं व्हिजन एकदम स्वच्छ व्हायचं. ते दोन घोट पाणी प्याले आणि म्हणाले, “ग्राहकहित हेच आपलं धोरण आहे. यादी लॅबला पाठवा.”

“आणि काकांचं काय? त्यांच्याबद्दल पत्र आपल्याकडून गेलं होतं.”

“पत्रात त्यांचं नाव कुठे होतं?” साहेब म्हणाले. “आपण फक्त टिकल्या लावायला सांगितल्या.”

ते खरंच होतं. त्या पत्रात कुणाचंच नाव नव्हतं. म्हणून तर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. ताई टेबलावर आल्या आणि त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, या खेपेला नावासकट. चूक काकांची नाही, प्रोग्रॅमची आहे, आणि प्रोग्रॅम मी लिहिला. साहेबांची सही मागत बसल्या नाहीत. पत्र घेऊन स्वतः लॅबमध्ये गेल्या.

काका पॅकिंगच्या टेबलावर होते. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. ताईंनी पत्र समोर धरलं. काकांनी ते भिंग धरतात तसं उजेडात तिरकं धरून वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

“मालकांना द्यायचंय ते,” ताई म्हणाल्या.

“देतो की,” काका म्हणाले, पण पत्र खिशातच राहिलं. “दोन आठवडे मी घरी सांगितलं नव्हतं की मशीनवरून उठवलंय. रोज हातांना भिंगाची पूड लावून घरी जायचो. नाहीतर बायकोला वास आला असता चिकटपट्टीचा.”

“काका, मला माफ करा,” ताई म्हणाल्या.

“तुम्ही येऊन सांगितलंत,” काका म्हणाले. “टिकल्यांचं पत्र टपालानं आलं होतं.”

पत्र हाती आल्यावर मालकानं काकांना मशीनवर परत बसवलं, आणि वर असंही म्हणाला की मला पहिल्यापासून वाटतच होतं. एकसष्ट लोकांना दुकानांतून फोन गेले. अठ्ठावन्न जण चष्मे बदलून घेऊन गेले. दोघांचे फोन लागले नाहीत. एका शिंप्यानं साफ नकार दिला. त्याला म्हणे आता सुईत दोरा पहिल्यापेक्षा चांगला ओवता येत होता, आणि चालत्या गाडीला खीळ घालायची त्याची इच्छा नव्हती.

सासूबाईंचा नवा चष्मा आला. त्यांनी तो सरळ लावला, गॅलरीत जाऊन समोर बघितलं, आणि आत येऊन मुलाला म्हणाल्या, “वय कमी झालं माझं.” नवरा त्या दिवशी जेवताना भूगोलावर काही बोलला नाही.

महिनाअखेरीला व्हिजनसाहेबांनी सगळ्या ऑफिससमोर या प्रकरणावर भाषण केलं. त्यात ‘आपण सगळ्यांनी मिळून शोधून काढलेली त्रुटी’ असा उल्लेख चार वेळा आला. ताईंना टाळ्यांच्या गजरात एक प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर चष्म्याचं चित्र होतं.

खरी गंमत त्यानंतर झाली. मोबाइलवाल्यांतली एक मुलगी, चौघांत सगळ्यात कमी बोलणारी, ताईंच्या टेबलाशी आली आणि प्रिंटरच्या आडोशाला उभं राहून म्हणाली, “ताई, एक विचारायचं होतं. आपल्या नव्या अॅपमध्ये भिंगं वाचायचा भाग आहे ना, तो आम्ही नव्यानं लिहिलेला नाही.”

“मग?”

“तुमच्या प्रोग्रॅममधून उचलला होता. जसाच्या तसा. टीपसुद्धा.”

ताईंनी तिचा लॅपटॉप बघितला. निळ्या-पांढऱ्या देखण्या पडद्याच्या पोटात, दीड वर्षाच्या परिश्रमांच्या मधोमध, त्याच चार ओळी होत्या. वर लिहिलेलं: ‘तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे.’ त्यांचीच आद्याक्षरं.

“साहेबांना सांगितलंस?”

“नाही. ते म्हणतील व्हिजन काय आहे.”

ताई हसल्या. फार दिवसांनी ऑफिसात हसल्या असतील. मग त्यांनी आग विझवायचं नळकांडं पायानं थोडं बाजूला सरकवलं, तिथे दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “बस. यासारख्या आणखी किती जागा आहेत ते दोघी मिळून मोजू.”

संध्याकाळपर्यंत अकरा सापडल्या. सात ताईंच्या हातच्या होत्या, चार नव्या पिढीच्या. त्या चारांवर टीपसुद्धा नव्हती.